माळ्यावरची हत्यारं

मला बोलता येतं याचा आमच्या घरात सगळ्यांत जास्त अभिमान आबांना होता आणि सगळ्यांत जास्त वैताग आईला. आबा गावचे पोलीस पाटील. गावात त्यांचा वचक होता, तालुक्याच्या कचेरीत खुर्ची मिळायची. पण चार माणसांत उभं राहून बोलायची वेळ आली की धड वाक्य जुळायचं नाही आणि हात उगाच टोपीशी खेळायला लागायचा. मी नेमकी उलटी. बोलायला मिळालं नाही तर मला जेवण जायचं नाही. कॉलेजातनं वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस घेऊन आले तेव्हा आबांनी तो चषक पडवीतल्या टीव्हीवर ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजला. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिथनंच म्हणाली, "बकशीस मिलाला ना गो? मंग आता घटकाभर गप रव, जवला करपतोय तो बघ." मी तिच्याशीही वाद घातला, जवळा करपला, आणि तो करपलेला जवळा मी हट्टानं चवीनं खाल्ला. हरणं मला माहीतच नव्हतं.

आमचं गाव मुरबाड तालुक्याच्या अगदी कडेला. सरळगावावरून किन्हवलीकडे जाणारी एस्टी फाट्यावर सोडते, पुढे अर्धा तास पायी. गावामागे ऐनाच्या झाडांचा उतार, त्या उतारापलीकडे वाडी. वाडी शहापूर तालुक्यात मोडायची. मधे ना कुंपण ना ओढा, तरी आमचे लोक "त्या तालुक्यातले" असं काही म्हणायचे की वाटावं तिथे जायला पासपोर्ट लागतो. हिरू त्या वाडीतला. माझ्याच वर्गात, सकाळी त्याच फाट्यावर त्याच एस्टीला. वाडीतनं कॉलेजात आलेला तो पहिला. बोलायचा कमी आणि हळू, आणि मधेच थांबायचा. आमच्या मराठीच्या सरांनी त्याला वादविवाद स्पर्धेसाठी माझ्याबरोबर निवडलं तेव्हा मला हसू आलं होतं. पण दोघांची जोडी लागायची, एक विषयाच्या बाजूनं, एक विरुद्ध, आणि सर म्हणाले, "सुमन, तू टाळ्या घेशील. तो गुण घेईल." हे मला झोंबलं, म्हणून लक्षात राहिलं.

विषय त्या दिवसांत दुसरा असणारच नव्हता. अमेरिका इराकवर चाल करून जाणार की नाही हेच रोज टीव्हीवर चालू होतं. त्यांच्याकडे भयंकर अस्त्रं लपवलेली आहेत, तपासणारे जातात आणि हात हलवत परत येतात. गावात रंगीत टीव्ही आमचाच, त्यामुळे बातम्यांच्या वेळी पडवीत निम्मा गाव. कुणी वालाच्या शेंगा सोलत, कुणी तंबाखू मळत, आणि सगळे वाळवंट बघत. स्पर्धेचा विषय आला: लपवलेल्या शस्त्रांच्या संशयावरून युद्ध पुकारणे योग्य आहे. चिठ्ठ्या टाकल्या. मला बाजूनं, हिरूला विरुद्ध.

आम्ही सराव एस्टीत करायचो, शेवटच्या सीटवर. माझं भाषण मला अजून पाठ आहे, याची मला लाज वाटते. "आग लागल्यावर पंचनामा करता येतो, घर वाचवता येत नाही," असं मी सुरू करायचे. पोलीस पाटलाची मुलगी, पंचनामा हा शब्द मी दुधाबरोबर प्यालेली. पुढे होतं की जो निर्दोष आहे तो दार उघडून देतो, जो दार अडवतो त्यानं आपला गुन्हा आपणच सांगितला. ऐकायला किती छान वाटतं! हिरू हे सगळं खिडकीबाहेर बघत ऐकायचा आणि मग त्याच्या पद्धतीनं अडखळत विचारायचा, "सुमन, माज्याकडं नाय, हे मी कुठून काढून दाखवू? असलेली गोष्ट दाखवता येते. नसलेली कशी दाखवनार?" मी म्हटलं, "मग लपवायचंच कशाला?" तेव्हा तो हसला आणि बोलून गेला, "लपवलेलं सगलं मारायलाच असतं काय? आमच्या माल्यावर पन हत्यारं हायत. वरीसभर बांधून ठेवलेली. आजवर कोनाचं नख नाय तुटलं त्यांनी." मी विचारलं कसली हत्यारं. त्यानं मान खिडकीकडे वळवली. "त्याचं नाव नाय घेयाचं घरात. 'वरचं' म्हनतात. माजीच चूक झाली, सोड." एवढंच. एस्टी सरळगावच्या स्टँडात शिरली आणि आम्ही उतरून कुरमुरे घेतले.

मुरबाडची फेरी आम्ही जिंकलो. अंतिम फेरी शहापूरला, आठ दिवसांनी. घरी आल्यावर मी आबांना स्पर्धेचं सगळं रंगवून सांगितलं, हिरूचे मुद्दे आणि त्यांची मी कशी वाट लावली तेही. आणि सांगता सांगता, निव्वळ गंमत म्हणून, "त्याच्या घरात पण माळ्यावर हत्यारं लपवलीत म्हणे," हेही सांगून टाकलं. मला ते वाक्य आवडलं होतं. आबांनी मान डोलावली. शेजारी माझे दामूकाका, आबांचे धाकटे भाऊ, विळा घासत बसले होते. त्यांचा हात थांबला. माझ्या लक्षात आलं होतं की तो थांबला. मी पुढे बोलत राहिले.

इथे राबाचं सांगायला हवं. आमच्याकडे भाताचं रोप करायची जागा उन्हाळ्यात भाजून घेतात. झाडांचा टहाळ तोडायचा, शेणाबरोबर पसरायचा, वर पेंढा आणि माती टाकून पेटवायचा. टहाळ त्या ऐनाच्या उतारावरचा. त्या वर्षी गाव म्हणालं उतार आमचा, वाडी म्हणाली आमचा, थोडी बाचाबाची झाली, कुणीतरी कुणाची आई काढली. नंतर तीनच दिवसांत दामूकाकांची पेंढ्याची उडवी जळाली. भर दुपारी, वारा सुटलेला; शेजारच्या शेतात त्यांचाच मुलगा राब भाजत होता. पण ठिणगी आपल्या घरातनं उडाली असं म्हणायला फार मोठं मन लागतं, आणि दामूकाकांचं तेवढं नव्हतं. त्यांनी बोट उताराकडे केलं. त्यात मी हे वाक्य आणून ठेवलं.

मारुतीच्या देवळात गाव बसलं. बायका तिथे जात नाहीत, गेल्याच तर पायरीशी उभ्या राहतात. पण आबांना बोलता येईना, टोपी नुसती फिरत होती, आणि समोर दामूकाका ओरडत होते की आज उडवी जाळली, उद्या घरं जाळतील. कुणी म्हातारं म्हणालं, आधी वाडीतल्या चार जाणत्यांना बोलावून विचारा. तेव्हा आबांनी मला हाक मारली. "सुमे, ये गो वर. तू त्या दिवशी काय बोललीस मुरबाडला, ते सांग यांना." मी पायरी चढले. एकोणीस वर्षांची होते, आख्खं गाव माझ्याकडे बघत होतं, आणि मी बोलले. पंचनाम्याचं वाक्य, दार अडवण्याचं वाक्य, सगळं, फक्त इराकच्या जागी कुणाचंच नाव न घेता. नाव घ्यायची गरज नव्हती. शेवटी गाव इतकं शांत झालं की पिंपळाचं पान पडलेलं ऐकू यावं. मला वाटलं, हे खरं बक्षीस. मला खरंच कळत नव्हतं का की मी काय करतेय? कळत होतं असंही नाही आणि नव्हतं असंही नाही. मी जिंकत होते, तेवढंच मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा माणसं निघाली. आबा म्हणाले, "फक्त बघून येनार. कोनाला हात नाय लावायचा." आणि मग माझ्याकडे वळून, "तू चल. घर तुला म्हाईत हाय." माहीत होतं. सरावाला एकदा गेले होते तेव्हा हिरूच्या आईनं नाचणीची गरम भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली होती आणि मी निघताना फडक्यात मोहाची फुलं बांधून दिली होती. मी पुढे चालले आणि घर दाखवलं. हे कुणी माझ्याकडून जबरदस्तीनं करून घेतलं नाही.

वाडीत त्या वेळी कुणी नव्हतं म्हटलं तरी चालेल. पुरुष वीटभट्टीवर, बायका मोह वेचायला रानात, हिरू कॉलेजला गेलेला. मी त्या दिवशी दांडी मारली होती. घरी होते फक्त त्याचे वडील, बुधाकाका. लहानसर चणीचे, नुकतीच आंघोळ केलेले, ओटीवर बसून पांगाऱ्याच्या लाकडाचा तुकडा तासत होते. आबांनी आल्याचं कारण सांगितलं. बुधाकाकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग आबांना म्हणाले, "वर हाय. नाय कशाला म्हनू? पन तुमी हात लावू नका पाटील. आठ दिवसानी मीच सोडनार हाय, सगल्यांच्या म्होरं. आता उपास धरलाय मी."

"आठ दिवसानी काय करनार हायस ते आमाला आजच बघायचंय," दामूकाका म्हणाले. बुधाकाका दारात उभे राहिले. हात जोडलेले, पण दारात. आणि मला माझंच वाक्य आठवलं, जो दार अडवतो त्यानं आपला गुन्हा आपणच सांगितला, आणि सगळ्यांनाही ते आठवलं असणार, कारण दोघांनी त्यांना खांद्याला धरून बाजूला केलं. धक्का मारला असं नाही म्हणता येणार. एखादं भांडं उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना ठेवलं. दामूकाका शिडीवरून माळ्यावर चढले आणि वरून लांबलचक गाठोडं खाली लोटलं. धुरानं काळं झालेलं कांबळं, वरून वाखाची दोरी, सात-आठ गाठी. आतून काहीतरी खणकन वाजलं. सगळे एक पाऊल मागे सरले. मीसुद्धा.

"पाटील, मी सोडतो. माज्या हातानं सोडू द्या. एवढं ऐका," बुधाकाका म्हणत होते. दामूकाकांनी कोयत्यानं दोरी कापली.

आधी बाहेर आल्या त्या दोन तरवारी. लाकडाच्या, वर चंदेरी बेगड चिकटवलेली. मग एक त्रिशूळ, तोही लाकडी, घुंगरांची माळ गुंडाळलेला. ती घुंगरंच वाजली होती. मग कांबळ्याचा शेवटचा पदर उलगडला आणि देवीचा मुखवटा जमिनीवर उताणा पडला. शेंदरी तोंड, मोठे पांढरे डोळे, नाकात नथ. तो आमच्याकडे बघत राहिला.

आम्ही सगळे तिला ओळखत होतो. बोहाडा म्हणजे आमच्याकडे सोंगांची जत्रा, वाडीच्या अंगणात व्हायची, आणि दर वर्षी आख्खं गाव बघायला जायचं. सगळ्यात शेवटी देवी यायची, दोन्ही हातांत त्या तरवारी घेऊन, संबळाच्या तालावर, आणि ती राक्षसाला मारायची तेव्हा दामूकाकासुद्धा हात जोडून उभे असायचे. मी तान्ही असताना आईनं मला तिच्याच पायांवर घातलं होतं. सोंग नाचलं की ती हत्यारं आणि मुखवटा बांधून ठेवायचा तो पुढच्या बोहाड्यापर्यंत. मधे त्याचं नाव घ्यायचं नाही, आणि गाठ सोडायची ती उपास धरलेल्या सोंग नाचवणाऱ्यानंच. आम्ही ते वर्षानुवर्षं समोरून बघत आलो होतो, पण "माळ्यावरची हत्यारं" म्हटल्यावर गावातल्या एकाही माणसाला त्या तरवारी आठवल्या नाहीत. मलाही नाही. वर्षभर देवी राहते कुठे, हा प्रश्नच आमच्या डोक्यात कधी आला नव्हता. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. जमीन होती तिथेच होती, मीच तिच्यावर उभी राहायच्या लायकीची नव्हते.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. भीतीनंच हसलं असेल. डोक्याचं फडकं काढून बुधाकाकांनी मुखवट्याच्या तोंडावर घातलं आणि तिथेच खाली बसले. "आता औंदा देवी नाय उभी रायाची," ते म्हणाले. रागानं नाही, उद्या एस्टी नाही असं सांगावं तसं.

तिथे थांबायला हवं होतं. माफी मागून, पाया पडून परत फिरायला हवं होतं, आणि आबा तसं करतील असं मला एक क्षण वाटलं. त्यांचा हात टोपीकडे गेला होता. पण दामूकाका म्हणाले, "हे दाखवायला ठेवलंय. खरी हत्यारं आनखी आत असतील." आणि बारा शहाण्यासुरत्या माणसांनी, ज्यांना मी काका आणि मामा म्हणायचे, ते मान्य केलं. मागे फिरण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यांनी नाचणीच्या कणग्या ओतल्या. त्यांनी चूल खणली. माझ्यासाठी जिच्यावर भाकरी भाजली होती ती चूल, पहारीनं. खाली माती निघाली, आणखी खाली मुरूम. मी बोलू शकत होते. माझ्याएवढं बोलता येणारं त्या अख्ख्या शिवारात कुणी नव्हतं. मी एक अक्षर बोलले नाही.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकलं. तिला आधी खरंच वाटेना. "बांधलेली देवी सोडलीत? कोयत्यानी?" तिनं दोनदा विचारलं. मग हातातला पिठाचा गोळा तसाच परातीत ठेवून ती परसात निघून गेली. त्या दिवशी आमच्या घरात दुपारी चूल पेटली नाही आणि कुणी जेवायचं नावही काढलं नाही.

पुढचे चार दिवस हिरू एस्टीला आला नाही. मला वाटलं, आता शहापूरला तो येणारच नाही, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पण मनात मी रोज त्याच्याशी बोलत होते. तो भेटला की पहिलं वाक्य काय म्हणायचं ते मी घोटत होते, भाषणासारखं. हिरू, ते मी सांगितलं. हिरू, घर मीच दाखवलं. एवढी दोनच वाक्यं. जगात एवढंच एक काम उरलंय असं मला वाटत होतं.

तो आला. सरळ शहापूरच्या सभागृहात, इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून. सर बरोबर होते, गर्दी होती, जोड्यांची नावं पुकारत होते. मी त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, "आपला नंबर चवथा हाय." मी "बरं" म्हटलं. ती दोन वाक्यं मी नंतरसाठी ठेवली.

त्याचं भाषण तेच होतं, एस्टीतलं. वाडीबद्दल, देवीबद्दल एक शब्द नाही. फक्त "नसलेली गोष्ट मी कुठून काढून दाखवू" या वाक्याशी तो थांबला, नेहमीपेक्षा जास्त थांबला, आणि मग पुढे गेला. माझी पाळी आली. व्यासपीठाकडे जाताना मला वाटत होतं की शब्द फुटणार नाही, मी रडेन, किंवा सगळं खरं सांगून टाकीन. आजही कुणाला हे सांगितलं की ऐकणाऱ्याला तसंच काहीतरी अपेक्षित असतं. पण मी बोलले. आणि मी आयुष्यात कधी बोलले नव्हते इतकी चांगली बोलले. आता मला अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावतात. टीव्हीवर अजून कुठल्या ना कुठल्या देशात कुणीतरी काहीतरी लपवलेलं असतंच, आणि पोरं तेच मुद्दे नव्या नावांनी मांडतात. छान बोलणाऱ्या मुलीला गुण देताना माझं पेन अडतं. कारण मला माहीत आहे की आत काहीही झालेलं असलं तरी जीभ चालू शकते. त्याचा मला बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

भाषण संपल्यावर प्रत्येकाला एक प्रश्न असायचा. परीक्षक, चष्मा कपाळावर सरकवलेले एक वयस्क गृहस्थ, मला म्हणाले, "समजा, युद्ध झालं, माणसं मेली, देश खणून काढला, आणि शस्त्रं सापडलीच नाहीत. मग तुम्ही काय म्हणाल?"

हिरू बाजूच्या खुर्चीवर होता, माझ्यापासून दोन हातांवर. आणि माझ्या तोंडून खणखणीत आवाजात उत्तर आलं, "सापडली नाहीत म्हणजे नव्हती असं नाही, सर. आणखी आत असतील." हशा पिकला, टाळ्या पडल्या, परीक्षकांनीही मान हलवली. ते वाक्य कुणाचं आहे हे मला तोंडातून निघाल्यावर कळलं. पहिलं बक्षीस मला मिळालं. हिरूला दुसरं.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही सरांची वाट बघत उभे होतो. दोघंच होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं, घाई नव्हती, आणि ती दोन वाक्यं माझ्या ओठांवर तयार होती. हिरू आपल्या प्रशस्तिपत्राची गुंडाळी करत होता. ती झाल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं, बुधाकाकांनी बघितलं होतं तसंच एकदा, आणि म्हणाला, "उत्तर चांगलं दिलंस."

आणि मी त्याला थँक्यू म्हणाले.